चार सऱ्या मोकळ्या सोडा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या औषध दुकानात गेल्या काही वर्षांत एक बाटली वारंवार मागितली जाऊ लागली आहे. पूर्वी ती आम्ही क्वचितच ठेवायचो. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेला, तोंडावाटे काहीच जात नसलेला रुग्ण असला की आयसीयूमधून चिठ्ठी यायची. आता तशीच चिठ्ठी घेऊन तिशीतली जोडपी येतात. बायकोच्या हातात जाड फाइल असते, नवरा पाकिटातल्या नोटा मोजत असतो, आणि दोघांपैकी एक जण हमखास विचारतो, “हे दुधासारखं काय आहे?” बाटली खरोखरच दुधानं भरल्यासारखी दिसते. तिचं नाव इंट्रालिपिड. लेबलावर लिहिलेलं असतं: सोयाबीन तेल, अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड, ग्लिसरीन, पाणी. तेलाचे थेंब इतके बारीक केलेले असतात की ते शिरेतून सोडले तरी रक्तात कुठं अडकत नाहीत. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांना हे साधलं आणि १९६२ पासून तिथं ते वापरात आलं. ज्यांच्या पोटात अन्न जाऊच शकत नव्हतं, अशांना त्यामुळे जगवता आलं. पुढे बधिरतेचं इंजेक्शन चुकून जास्त रक्तात गेल्यानं हृदय थांबलेल्या रुग्णांनाही याच पांढऱ्या सलाईननं परत आणल्याचं दिसलं. बाटली खोटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आज ती मागितली जाते ती गर्भ रुजावा म्हणून. टेस्ट ट्यूब बेबीच्या दोन-तीन सायकल फेल गेल्या किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडला की ‘इंट्रालिपिड लावून बघू’ असं सांगितलं जातं. यावरून आपल्याकडे जो वाद झडतो, त्यानं मी अस्वस्थ होते. एका बाजूचं म्हणणं असतं, हा सगळा धंदा आहे, डॉक्टर लुटायला बसलेत. दुसरी बाजू म्हणते, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुम्हाला घरात पोरं आहेत, तुम्ही कशाला बोलता? पहिल्यांना डॉक्टरची नियत दिसते, दुसऱ्यांना जोडप्याचं दुःख दिसतं, आणि मधली बाटली दोघंही विसरतात. डॉक्टर अगदी देवमाणूस असला म्हणून त्यानं दिलेलं औषध लागू पडतंच का? आणि तो लोभी असला म्हणून पडतच नाही का? ती शिरेत सोडल्यानं मूल होण्याची शक्यता वाढते की नाही, हा प्रश्न कुणाच्या हेतूवरून सुटणारा नाही.

माझं मत सुरुवातीलाच मांडते. या सलाईननं गर्भ रुजायला मदत होते असं आज कुणालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जोवर सांगता येत नाही तोवर ते द्यायचंच असेल तर नीट आखलेल्या अभ्यासाचा भाग म्हणून द्यावं, आणि त्याचा एक पैसाही जोडप्याकडून घेऊ नये. मी ही बाटली विकते. माझा सल्ला मानला गेला तर माझ्याच गल्ल्यावर परिणाम होणार आहे, आणि तो झालेला मला चालेल.

आधी हे औषध देण्यामागचा विचार समजून घेऊ, कारण तो ऐकायला फार पटणारा आहे. गर्भात निम्मा वाटा बापाचा. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं तो निम्मा परका. मग आईची रोगप्रतिकारशक्ती त्याला बाहेर का फेकून देत नाही? हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये विचारला आणि तो खराच मोठा होता. पुढे १९७५ मध्ये रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना ‘नॅचरल किलर’, थोडक्यात एनके, हे नाव मिळालं, कारण त्या आधी कसलीही तयारी नसताना कर्करोगाच्या पेशी मारताना दिसल्या. गर्भाशयाच्या अस्तरातही तशाच दिसणाऱ्या पेशी सापडल्या, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीला तर तिथल्या पांढऱ्या पेशींत त्यांचीच बहुसंख्या असते. झालं. मारेकरी पेशी, परका गर्भ, आणि फेल गेलेली सायकल. एवढ्यावरून गोष्ट कुणीही रचेल. त्यात २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की इंट्रालिपिड दिल्यावर रक्तातल्या या पेशींची मारण्याची ताकद कमी होते. मारेकऱ्याला थंड करणारं सलाईन सापडलं, गोष्ट पूर्ण झाली.

पण ती ताकद मोजतात कशी, हे जोडप्याला कुणी सांगतं का? हाताच्या शिरेतून रक्त घेतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि परीक्षानळीत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींसमोर ठेवून किती मरतात ते मोजतात. तिथं गर्भही नसतो आणि गर्भाशयही नसतं. शिवाय गर्भाशयातल्या एनके पेशी रक्तातल्या एनके पेशींची नुसती नक्कल नाहीत. त्यांचं काम बरंच वेगळं आहे: आईच्या बारीक धमन्या रुंद करून वारेकडे रक्ताची वाट मोकळी करायला त्या मदत करतात. ज्या उंदरांमध्ये या पेशी नसतात त्यांच्या गर्भाशयातल्या धमन्या नीट बदलतच नाहीत. म्हणजे जिला आपण मारेकरी म्हणतोय ती कदाचित सुईण असेल. रक्तातल्या आकड्यावरून गर्भाशयातल्या पेशींचं काही कळत नाही, आणि रक्तातला कोणता आकडा ‘जास्त’ समजायचा यावरही एकमत नाही. गर्भधारणेतल्या एनके पेशींवर ज्यांनी आयुष्य घालवलं त्या केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांनी २०१५ मध्ये या चाचण्या आणि उपचारांविरुद्ध उघड इशारा दिला होता. ज्या संशोधिकेनं या पेशी समजावून सांगितल्या तीच ‘असं करू नका’ म्हणत असेल, तर थांबायला नको का?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेते. ते म्हणतात, तत्त्व राहू दे बाजूला, कसं लागू पडतं ते कळलं नाही तरी चालेल, गुण येतो का ते बघा. आणि काही अभ्यासांत गुण आलेला आहे. हे खरं आहे. कैरोमध्ये २९६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंट्रालिपिड घेतलेल्या गटात टिकलेली गर्भारपणं जास्त होती. आपल्या दिल्लीच्या एम्सनं २०१९ मध्ये सुमारे शंभर स्त्रियांवरचा अभ्यास मांडला, त्यातही निकाल सलाईनच्या बाजूनं गेला. असे लहान अभ्यास एकत्र करून काढलेले सरासरी निष्कर्षही बरेचदा अनुकूल दिसतात. हे दडवून ‘काहीच पुरावा नाही’ म्हणणारे लोक स्वतःची बाजू कमकुवत करतात. पुरावा आहे, पण तो पैसे घ्यायला पुरेसा नाही, आणि का नाही हे समजून घ्यायला हवं. कैरोच्या अभ्यासात आधीपासून ठरवलेला मुख्य प्रश्न होता, गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण वाढतं का? त्यात लक्षणीय फरक आला नाही. फरक दिसला तो पुढच्या टप्प्यावर. सौदी अरेबियात १४२ स्त्रियांवर झालेल्या, २०२० च्या अभ्यासात काही फायदा दिसला नाही. कुठं निवड रक्ताच्या रिपोर्टवरून, कुठं नुसत्या अपयशावरून. डोस आणि वेळापत्रक जागोजागी वेगळं. शंभर जणींच्या अभ्यासात पाच-सात जणी इकडच्या तिकडे झाल्या की निकाल पालटतो. म्हणूनच युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनं, ईएसएचआरईनं, २०२३ मध्ये अशा जोड-उपचारांचा आढावा घेऊन इंट्रालिपिड देण्याची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. ब्रिटनच्या नियामक संस्थेनं तर रोगप्रतिकारशक्तीवरच्या या उपचारांना रुग्णांसाठीच्या तक्त्यात लाल रंग दिला होता.

लहान अभ्यासांवर विसंबून काय होतं याचं उदाहरण याच क्षेत्रात ताजं आहे. गर्भ ठेवण्याआधीच्या महिन्यात अस्तराला बारीक ओरखडा काढला तर गर्भ रुजण्याचं प्रमाण दुप्पट होतं, असं इस्रायलमधून २००३ मध्ये आलं. पाठोपाठ लहान लहान अभ्यास आले, बहुतेक अनुकूल. जगभर ओरखडे सुरू झाले, आणि ते काढताना दुखतं. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांचा मोठा अभ्यास आला. ओरखडा काढलेल्या गटात मूल झालं २६.१ टक्क्यांना. न काढलेल्या गटात? २६.१ टक्क्यांनाच. मधल्या सोळा वर्षांत किती जणी दात-ओठ आवळून त्या टेबलावर पडल्या असतील, याचा हिशोब कुणाकडे मागायचा?

यावर दुकानात मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: “आमच्या नात्यातल्या मुलीला तीनदा काही झालं नाही, हे सलाईन लावलं आणि चौथ्यांदा मुलगा झाला.” मी ते खोटं म्हणत नाही. पण आमच्या शिरोळकडच्या शेतात माझ्या भावानं जे केलं ते सांगते. उसासाठी एक नवीन द्रवरूप खत विकायला माणूस आला होता. ‘एकरी उतारा बघा’ म्हणाला. भावानं घेतलं, सगळ्या प्लॉटला दिलं, पण बांधाकडच्या चार सऱ्या मोकळ्या सोडल्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ऊस उभा वाढला. विकणाऱ्यानं आमच्या शेताचे फोटो काढून नेले. भावानं मात्र तोडणीच्या वेळी त्या चार सऱ्या वेगळ्या तोडायला लावल्या. कांडी तीच, वजन तेच. पुढच्या वर्षी त्यानं ते खत आणलं नाही. त्या चार सऱ्या नसत्या तर सगळं श्रेय खताला गेलं असतं, आणि फसवण्याचा हेतू तर विकणाऱ्याचाही नव्हता, त्यानंही डोळ्यांनी उभा ऊसच पाहिला होता. आमच्या जिल्ह्यात डेअरीला दूध घालणारी बाई फॅटचा आकडा बघितल्याशिवाय मापाजवळून हलत नाही. आम्हाला पुरावा कशाला म्हणतात हे नव्यानं शिकवायची गरज नाही. ते फक्त दवाखान्याच्या दारात चपलेबरोबर बाहेर का काढून ठेवतो, हा प्रश्न आहे.

‘मोकळ्या सऱ्या’ वंध्यत्वात कशा दिसतात? कारण न सापडता वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांना घेऊन ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये प्रोजेस्टेरॉनचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. औषधवाल्या गटात ६५.८ टक्क्यांना मूल झालं. बिनऔषधाच्या गटात ६३.३ टक्के. या दुसऱ्या आकड्याजवळ जरा थांबा. तीन-तीन वेळा गर्भ गेलेल्या, डॉक्टरांनाही कारण न सापडलेल्या स्त्रिया, आणि काहीही न घेता त्यांच्यातल्या दर तिघींपैकी जवळपास दोघींच्या मांडीवर मूल आलं. त्यांना त्या महिन्यात अंगारा दिला असता तर अंगारा तेवढाच यशस्वी ठरला असता, आणि पांढरं सलाईन दिलं असतं तर सलाईनही. चौथ्यांदा मुलगा झाला हे पाहणारा डॉक्टर प्रामाणिकपणे सलाईनला श्रेय देतो. अनुभवी डॉक्टरसुद्धा इथं फसतो, कारण त्याच्या ओपीडीत मोकळ्या सऱ्याच नसतात.

दुसरा आक्षेप यापेक्षा खोल आहे आणि तो मला रात्री विचार करायला लावतो. लोक विचारतात, टेस्ट ट्यूब बेबी स्वतः कुठल्या अभ्यासातून आली? १९७८ मध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी घडवणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी आधी हजार स्त्रियांचे दोन गट पाडले होते का? आणि आपल्या कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं काय केलं आपण? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या हातून दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी समितीनं त्यांचा दावा झिडकारला, त्यांना अपमान सोसावा लागला, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं. पुरावा मागणारेच नवं काही जन्मू देत नाहीत, असा हा आरोप आहे. मुखोपाध्यायांच्या बाबतीत तो खरा आहे आणि त्याची लाज आपल्याला वाटायला हवी. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. जगातल्या त्या पहिल्या बाळाची आई लेस्ली ब्राउन, तिच्या दोन्ही नलिका बंद होत्या. तिला आपोआप दिवस जाण्याची वाटच नव्हती, म्हणून तिच्या एका मुलीनंच प्रश्न मिटवला. जिथं आधी शक्यता शून्य असते तिथं एक यश पुरतं. इंट्रालिपिड ज्यांना दिलं जातं त्यांची शक्यता शून्य नसते. तिथं प्रश्न असतो तो शंभरात तीस की शंभरात पस्तीस असा, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही, मोजावाच लागतो. मुखोपाध्यायांना न्याय मिळाला तोही कसा? मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानल्या गेलेल्या हर्षाच्या जन्मामागे जी वैज्ञानिकांची जोडी होती, त्यातले टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की पहिला मान त्यांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट त्यांनी काढून दिला, तो टिपणांमधल्या नोंदी तपासून. मुखोपाध्यायांनी लिहून ठेवलं होतं म्हणून त्यांचं काम टिकलं. आज आपल्या गावांतून किती बाटल्या लागल्या, कुणाला लागल्या, पुढे काय झालं, हे कुणी असं लिहून ठेवतंय का?

‘नुकसान काय आहे?’ हा तिसरा प्रश्न. तेल आणि अंड्याचा बलक, त्यात काय एवढं? सलाईन बहुतेक जणींना सोसतं हे मी मान्य करते. अंड्याची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी असली तर ते धोक्याचं ठरू शकतं, काहींना ताप-डोकेदुखी होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मृत्यू झाल्याचा ठळक इशारा अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर कितीतरी वर्षं होता. तरीही एखाद-दुसऱ्या बाटलीनं मोठी इजा होण्याची शक्यता कमीच. पण याच ‘काय बिघडतं’वर जगानं एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून लाखो गरोदर स्त्रियांना डीईएस नावाचं कृत्रिम हार्मोन दिलं गेलं. तर्क सुंदर होता, डॉक्टर प्रामाणिक होते, बायका आनंदानं घेत होत्या. १९५३ मध्ये शिकागोच्या डीकमन यांनी सुमारे सोळाशे स्त्रियांवरच्या अभ्यासातून दाखवलं की त्याचा काही उपयोग नाही. तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना आठ कोवळ्या मुलींमध्ये योनीचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळला. त्यातल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. इंट्रालिपिडनं तसं होईल असं मी म्हणत नाही, तसा काही आधार नाही. मला खुपतात ती मधली अठरा वर्षं. उपयोग नाही हे कळलेलं होतं, आणि तरी ‘काय बिघडतं’ म्हणून गोळी दिली जात होती.

आणखी जवळचं उदाहरण आहे. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर त्याच्या गर्भाला सरावेल. तर्क तोच, परका गर्भ आणि रागीट प्रतिकारशक्ती. १९८५ मध्ये लंडनहून आलेला पहिला अभ्यास फार आशादायक होता: नवऱ्याच्या पेशी टोचलेल्या २२ पैकी १७ जणींना मूल झालं, स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ पैकी फक्त १० जणींना. जगभर ते पसरलं, आपल्याकडेही आलं. १९९९ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला तेव्हा टोचलेल्या गटात यश ३६ टक्के आणि नवऱ्याच्या पेशी न टोचलेल्या गटात ४८ टक्के निघालं. म्हणजे ज्यांनी पैसे भरून टोचून घेतलं त्या कदाचित न घेणाऱ्यांपेक्षा वाईट अवस्थेत गेल्या. अभ्यासाशिवाय हे समजण्याचा दुसरा मार्ग होता का?

पण मला सगळ्यात जास्त जिव्हारी लागलेलं नुकसान कुठल्याही अभ्यासात मोजलेलं नाही. माझ्या बहिणीच्या मुलीच्या दोन ट्रान्सफर, म्हणजे गर्भाशयात गर्भ ठेवण्याच्या खेपा, फेल गेल्या. पहिलीसाठी उसाचं बिल गेलं, दुसरीसाठी तिचे तोडे. मग एका दवाखान्यात, नाव घेत नाही, तिचं एनकेचं रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये आकडा छापील मर्यादेच्या थोडा वर होता आणि त्याखाली जाड रेघ ओढलेली होती. समजावून सांगणाऱ्यानं सहज म्हटलं असेल, तुमच्या मारक पेशी गर्भावर हल्ला करतात. घरी जाईपर्यंत त्याचं काय झालं? तिची सासू कागलकडची, मनानं वाईट बाई नाही. मी गेले तेव्हा ती चुलीपुढं बसून मला म्हणाली, “बाई, हिच्या रक्तातच इख हाय म्हणत्यात. पोटात आलेलं पोर हीच खाती.” भाची तिथंच ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. एकेक काडी तोडत राहिली, पानं एका बाजूला, दांड्या एका बाजूला, आणि दांड्यांच्या ढिगात पानंही पडत होती ते तिला दिसत नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत मुळातच गुणसूत्रांचा दोष असतो. तो आईच्या कुठल्या पापानं किंवा रागानं येत नाही. हे वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या समाजात ‘वांझ’ हा शब्द अजून ओठावर आहे, जिथं ओटी भरताना बाई आधी समोरचीला लेकरं किती ते बघते, तिथं अर्धवट चाचणीच्या आधारानं ‘तुझं शरीर मुलाला मारतं’ म्हणणं हे काही न बिघडवणारं वाक्य आहे का? नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्टही त्या फाइलमध्ये होता. तो साधारणच होता. त्याच्याखाली रेघ नव्हती.

‘पण बाईचा स्वतःचा निर्णय आहे ना?’ हा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बाईला आधीच कमी निर्णय घ्यायला मिळतात. तिनं सगळं कळून ‘तरी मला हवं’ म्हटलं तर तिला अडवणारी मी कोण? पण निर्णय कशावर घ्यायचा? २०२१ चा सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाचा कायदा केंद्रांवर जबाबदारी टाकतो की उपचाराचे फायदे-तोटे, धोके, खर्च आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगावी आणि लेखी संमती घ्यावी. माझ्या भाचीनं सही केलेला कागद मी वाचला. दहा पानं, इंग्रजीत. इंट्रालिपिडचा उल्लेख खर्चाच्या यादीत होता. त्याचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही, हे दहाही पानांत नव्हतं. मराठीत चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? ‘या सलाईननं मूल होण्याची शक्यता वाढते का, हे अजून माहीत नाही. काही लहान अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. युरोपातली तज्ज्ञांची संघटना याची शिफारस करत नाही. न घेताही तुम्हाला मूल होऊ शकतं.’ या चार ओळी वाचून ज्या बाईला ते हवं असेल तिला मी माझ्या हातानं बाटली देईन.

काही डॉक्टर मला सांगतात की प्रत्येक बाई वेगळी असते, गठ्ठ्यानं केलेल्या अभ्यासात जिला गुण येतो ती हरवून जाते. हेही पोकळ नाही. पण ती हरवलेली बाई शोधण्याचा रस्ताही मोठ्या अभ्यासातूनच जातो. त्याच प्रोजेस्टेरॉनचं पुढे काय झालं बघा. ‘उपयोग नाही’ म्हणून ते सोडून दिलं नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ स्त्रिया घेऊन ब्रिटनमध्ये पुन्हा अभ्यास झाला, २०१९ मध्ये निकाल आला. सरसकट पाहिलं तर फरक किरकोळ, ७५ विरुद्ध ७२ टक्के. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. ती बाई सापडली. आता ब्रिटनमध्ये तिला ते औषध देण्याची अधिकृत शिफारस आहे. इंट्रालिपिडनं ज्यांना खरोखर गुण येत असेल अशा स्त्रिया असल्या, तर आज आपण त्यांच्यावरही अन्याय करतोय, कारण सगळ्यांनाच लावून आपण त्यांना गर्दीत लपवून टाकलंय.

आणि हे ‘आपल्याकडे कुठं जमणार’ म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणात झटके येणाऱ्या बाईला कोणतं औषध द्यायचं यावर एकेकाळी प्रत्येक डॉक्टरचं वेगळं मत होतं, कुणी डायझेपाम, कुणी फेनिटॉइन, कुणी मॅग्नेशियम. १९९५ मध्ये १,६८७ स्त्रियांच्या अभ्यासानं तो वाद मिटवला, मॅग्नेशियम सल्फेट सरस ठरलं. तो अभ्यास श्रीमंत देशांत झाला नाही. भारत, घाना, युगांडा, झिंबाब्वे, अर्जेंटिना अशा देशांतल्या गर्दीच्या सरकारी वॉर्डांत झाला, आमच्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारख्या. आज झटके आलेली बाई सीपीआरला आणली की मॅग्नेशियमच दिलं जातं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव एवढ्याच पट्ट्यात वंध्यत्वाची केंद्रं किती आहेत ते मोजा. त्यांनी एकत्र येऊन ठरवलं की पुढची दोन-तीन वर्षं ही बाटली विकायची नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना द्यायची, निम्म्यांना साधं सलाईन, बाटलीला आणि नळीलाही काळी पिशवी घालून, म्हणजे आतला रंग दिसणार नाही, आणि सगळ्यांचे निकाल एका वहीत. तर दिल्ली आणि कैरोपेक्षा मोठं उत्तर इथून जाईल. खर्च बाटल्यांचा आणि नोंदी ठेवणाऱ्या एक-दोन माणसांचा. औषध विक्रेत्यांकडून काय मदत लागेल ती मी गोळा करायला तयार आहे.

भाचीनं तिसऱ्या ट्रान्सफरच्या आधी चिठ्ठीच्या मागं तीन प्रश्न लिहून नेले होते. हे लावलं तर माझी शक्यता किती वाढेल? न लावलं तर किती आहे? हे तुम्ही लावलेल्या बायकांची नोंद मला दाखवाल का? डॉक्टरांनी पहिल्याला ‘सांगता येत नाही’ म्हटलं, दुसऱ्याला वयावरून एक आकडा सांगितला, आणि तिसऱ्याला बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, अशी नोंद आम्ही ठेवत नाही. तिनं बाटली घेतली नाही. त्यापुढं तिचं काय झालं, हे मला रोज विचारलं जातं, दुकानात, लग्नात, रंकाळ्यावर फिरताना. मी सांगत नाही. मूल झालं असेल तर लोक म्हणतील बाटली न घेता झालं, नसेल तर म्हणतील घेतली असती तर झालं असतं, आणि या दोन्हीपैकी एकही गोष्ट तिच्या एकटीवरून कुणाला कळणार नाही.